पाठीखालचा हात

१

दर शनिवारी सकाळी चॅपेलमधली प्रार्थना आटोपली, की सातवीची मुलं खांद्यावर टॉवेल टाकून रांगेने पोहण्याच्या टँकवर जात. आणि दर शनिवारी ब्रदर ल्यूकस पहिलं नाव एकच घेत.

"शेषगिरी."

मग शेषगिरी रांगेतून पुढे व्हायचा आणि लोखंडी शिडीवरून पाण्यात उतरायचा. तो छातीभर पाण्यात जाऊन उभा राहिला, की मगच बाकीच्यांना उतरायची परवानगी. निघतानाही तसंच. सगळी मुलं बाहेर आली, की शेवटी शेषगिरी.

या मानाचं त्याला फार अप्रूप होतं. म्हैसूरला बन्नीमंटपाच्या पलीकडे, शहर संपून शेतं सुरू व्हायची तिथे ही सेंट कॅसियन नावाची ब्रदर लोकांची शाळा होती. चौसष्ट-पासष्ट सालची गोष्ट. शाळेत अधिकाऱ्यांची मुलं होती, कुर्गच्या कॉफीवाल्यांची मुलं होती, पहिलीपासून इंग्रजीत भांडणारी. शेषगिरी त्यांच्यात जुलैमध्ये येऊन पडलेला, शिवरामपेटेतल्या नरहरी टेलरचा मुलगा. फुटबॉलमध्ये त्याला गोलामागे गेलेला चेंडू आणायला ठेवत. ड्रिलमध्ये त्याचे पाय चुकत. फक्त शनिवारी तो सगळ्यांच्या पुढे असायचा.

शाळेत तो आला तोही आपण होऊन नव्हे. ब्रदर लोकांचे पांढरे झगे त्याच्या वडिलांच्या दुकानात शिवायला येत. त्या पावसाळ्यात ब्रदर ल्यूकस स्वतः माप द्यायला आले. शेषगिरी कोपऱ्यात बसून कच्चे टाके उसवत होता. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, कितवीत आहेस विचारलं, मग त्याला बाहेर पाठवून त्याच्या वडिलांशी, अप्पांशी, काही बोलले. आठवड्याभरात त्याचं नाव कन्नड शाळेतून काढलं गेलं.

एका गोष्टीचं मात्र शेषगिरीला नवल वाटलं होतं. अप्पांनी त्याला कधी पाण्याजवळ जाऊ दिलं नव्हतं. शेषगिरी पाळण्यात असताना त्याचा थोरला भाऊ नागराज कृष्णराजनगरला मामाकडे गेला होता आणि कावेरीत उतरला होता. तो हाती लागलाच नाही. तेव्हापासून घरातलं कुणी नदीवर गेलं नव्हतं. शेजारच्या विहिरीवरसुद्धा शेषगिरीला वाकून बघू द्यायचे नाहीत. आणि आता त्याच अप्पांनी निळ्या कापडाची पोहण्याची चड्डी आपल्या हातांनी बेतून शिवून दिली होती. एवढंच म्हणाले, "आईला सांगू नकोस." ओली चड्डी दुकानातच वाळायची. शेषगिरी घरी निघायच्या आत ती इस्त्री होऊन कपाटात गेलेली असायची.

२

पहिल्या काही शनिवारी ब्रदर ल्यूकसनी त्याला पाण्यावर उताणं पडायला शिकवलं. डोकं मागे टाक, कान पाण्यात जाऊ दे, पोट वर काढ, आणि घाबरू नकोस. मी धरलंय तुला.

शेषगिरीने डोकं मागे टाकलं. कानात पाणी गेलं आणि मुलांचा गलका एकदम बंद झाला. विहिरीवरचा पंप चालू होता. त्याची धडधड आता कानांतून नाही, हाडांतून ऐकू येत होती. वर आभाळाचा एक तुकडा, त्यात शिरलेली गुलमोहराची फांदी. आणि पाठीखाली हात. भक्कम, स्थिर. आईने तान्ह्याला न्हाऊ घालताना धरावं तसा. इतकं निर्धास्त त्याला कधीच वाटलं नव्हतं. असंच पडून राहावं, शाळा सुटूच नये, असं त्याला वाटलं.

मग पाण्यातून दबलेला असा ब्रदर ल्यूकसचा आवाज आला. तो लांबून आला.

शेषगिरीने मान न हलवता नजर तिरकी केली. ब्रदर टँकच्या पार दुसऱ्या टोकाला काठावर उभे होते. हातातल्या लांब बांबूने ते एका मुलाला पाय कसे मारायचे ते दाखवत होते. अंगातला पांढरा झगा खालच्या काठापर्यंत कोरडा होता. आणि पाठीखालचा हात होता तिथेच होता.

शेषगिरी दचकला. तो वाकला, नाकातोंडात पाणी गेलं, ठसकत कसाबसा उभा राहिला. पाणी छातीपर्यंतच होतं. आसपास कुणी नव्हतं. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की ब्रदर ल्यूकसना पाण्यात उतरलेलं त्याने आजवर पाहिलंच नव्हतं. "मी धरलंय तुला" असं ते म्हणाले होते खरे, पण ते कुठून म्हणाले होते?

घरी जाताना त्याने स्वतःची समजूत घातली. पाणी वर ढकलतं, असं विज्ञानाच्या पुस्तकात होतंच. ढकलणारं पाणी हातासारखं लागत असेल. तरी दुकानात पोचल्यावर त्याने सहज विचारावं तसं अप्पांना विचारलं, की एखादी वस्तू काढून घेतली तरी अंगाला ती आहे असं का वाटत राहतं.

अप्पांच्या पायाखालचं मशीन थांबलं. मग ते म्हणाले, "इस्त्री उचलली तरी कापड गरम राहतं की नाही? तसं." आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

उत्तर पटण्यासारखं होतं. फक्त, अप्पांनी कुठली वस्तू, कुठे, असं काहीच विचारलं नव्हतं. हे त्याला पुष्कळ दिवसांनी सुचलं.

३

दसरा गेला, आणि शेषगिरी वर्गातला सगळ्यात चांगला पोहणारा झाला.

त्याला काही करावं लागत नसे. पाण्यात उताणं पडलं, की थोड्याच वेळात हात येऊन लागायचा. पालथं होऊन हातपाय मारले, तर तो पोटाखाली यायचा आणि बरोबर चालायचा. खोल टोकाला, चॅपेलच्या भिंतीची सावली पडायची तिथे, पाणी काळपट दिसे आणि मुलं तिकडे जायला कचरत. शेषगिरी तिकडेही आरामात जाऊन येई. ब्रदर ल्यूकसनी त्याला 'टँक कॅप्टन' केलं. मुलं त्याला कॅप्टन म्हणून हाक मारू लागली. त्याने शिडीवर पाय ठेवला की टाळ्या वाजवत.

पाणी वर ढकलतं, हे तो मनाशी म्हणत राहिला. पण आता बोटं वेगवेगळी कळायला लागली होती. अंगठा एका खांद्याच्या पात्यापाशी असायचा आणि करंगळी कमरेच्याही खाली. एवढा पंजा कुणाचा असतो, हा हिशेब तो मनात सुरू करायचा आणि अर्ध्यावर सोडून द्यायचा. हाताने त्याला कधी काही केलं नव्हतं. धरलं होतं, एवढंच.

शेवटी त्याने हे मालोजीला सांगितलं. वर्गात मराठी बोलणारे ते दोघेच. मालोजीचे वडील शिवाजीराव बन्नीमंटपाजवळच्या घोडेस्वार पोलिसांत होते, जुन्या म्हैसूरच्या फौजेतलं घराणं. घरी मराठी, बाहेर कन्नड, आणि शाळेत इंग्रजी. पहिल्याच दिवशी मालोजी त्याच्या बाकावर येऊन बसला होता आणि हळूच म्हणाला होता, "तू आपल्यातला ना? मग आपण दोघं मराठीत बोलू. यांना कळणार नाही." तेव्हापासून मराठी ही त्या दोघांची चोरवाट होती. मास्तरांच्या नकला, डब्यातल्या भाजीची निंदा, सगळं त्या वाटेने चालायचं. बोलता बोलता 'रे'च्या जागी कन्नडातलं 'कणो' यायचं, तेवढंच.

मैदानाच्या कडेला बसून शेषगिरीने सगळं सांगितलं. मालोजी बुटाची नाडी बांधत होता. बांधलेली सोडून त्याने पुन्हा बांधली.

"पाय तर धरत नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही. पाठच."

"मग ठीक आहे कणो. कुणाला बोलू नकोस," मालोजी म्हणाला आणि चेंडूमागे पळाला.

आपल्याला वेड्यात काढलं नाही, म्हणून शेषगिरीला हायसं वाटलं. मालोजी हसला का नाही, हे त्याच्या मनात आलंच नाही.

४

डिसेंबरात त्याला ताप आला आणि एक शनिवार चुकला. सोमवारी त्याने विचारलं, पोहणं कसं झालं. बाकावरच्या मुलाने सांगितलं, झालंच नाही, पंप बिघडला होता. पुढे कृष्णराजनगरच्या मामाच्या मुलीचं लग्न निघालं. आईबरोबर त्याला जावं लागलं, दुसरा शनिवार चुकला. या वेळीही पोहणं झालं नव्हतं. एक जण म्हणाला, ब्रदर ल्यूकस बेंगळूरला गेले होते. दुसरा म्हणाला, छे, पाणी बदलायचं होतं.

ही सगळी कारणं खरी असू शकत होती. पंप बिघडतात, ब्रदर गावाला जातात. शेषगिरीने ती डोक्यातून काढून टाकली.

त्यानंतरच्या शनिवारी त्याच्या सायकलची साखळी पडली. हात काळे करत ती बसवेपर्यंत प्रार्थना संपून गेली होती. तो धावतच टँककडे निघाला. मुलांचा आरडाओरडा लांबूनच ऐकू यायला हवा होता, पण नुसता पंप ऐकू येत होता. तो भिंतीला वळसा घालून दारात आला आणि थबकला.

सगळी मुलं पोहण्याच्या चड्ड्या घालून काठावर ओळीने बसली होती. पायसुद्धा कुणी पाण्यात सोडले नव्हते; गुडघे छातीशी घेऊन बसली होती. एकाचंही अंग ओलं नव्हतं. आणि सगळ्यांची तोंडं टँककडे नव्हे, दाराकडे होती. ब्रदर ल्यूकस बांबू आडवा धरून उभे होते. तेही दाराकडेच बघत होते.

तो दिसताच सगळी मुलं एकदम उभी राहिली.

शेषगिरीची नजर पाण्याकडे गेली. काठावर सगळे कोरडे होते, वारा पडलेला होता, आणि तरी खोल टोकाचं पाणी सावकाश वरखाली होत होतं. कुणीतरी कूस बदलावी तसं.

"शेषगिरी," ब्रदर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. सुटल्यासारखं काहीतरी होतं.

तो उतरला. दुसरं काय करणार? आणि त्या दिवशी हात वाट बघत बसला नाही. तो शिडीच्या शेवटच्या पायरीवर असतानाच पाठीला येऊन लागला.

५

त्याने मालोजीला सायकली ठेवायच्या छपरामागे गाठलं. मालोजीने आधी टाळाटाळ केली. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मराठीतच, त्या चोरवाटेनेच, सांगितलं.

"पहिला कुणीतरी लागतो. तो आत असला की बाकीच्यांना काही होत नाही. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना?"

"तुला सोडून."

गेल्या वर्षी हयग्रीव नावाचा मुलगा पहिला होता. त्याचं काय झालं, असं शेषगिरीने विचारलं. काही झालं नाही, मालोजी म्हणाला. तो फक्त पाण्यातून बाहेर यायला उशीर करायला लागला. हाक मारली तरी हसत पडून राहायचा. मग एक दिवस घरचे त्याला घेऊन गेले. यंदा वर्ष सुरू झालं तेव्हा ब्रदरनी मालोजीचं नाव घेतलं होतं.

"मी रडलो. ब्रदर म्हणाले, तू नाही तर कोण, ते तू सांग. वडिलांच्या कोटासाठी तुमच्या दुकानात आलो होतो ना, तेव्हा तुला बघितलं होतं. सुम्ने, उगीचच, तोंडातून तुझं नाव गेलं."

"माझंच का?"

मालोजी सायकलच्या सीटवरची धूळ पुसू लागला. "तू इथला नव्हतास ना," तो म्हणाला. मग खाली बघत, "आणि मराठीत बोलायला कुणीतरी येईल, असं पण वाटलं."

शेषगिरी सायकल घेऊन निघाला. हाताचं भय त्याला त्या घडीला आठवतही नव्हतं. त्याला आठवत होत्या त्या टाळ्या. तो शिडीवर पाय ठेवायचा तेव्हा कॅप्टन, कॅप्टन म्हणून ओरडणारी, त्याच्या डब्यातली चटणी मागून खाणारी, त्याला घरी वाढदिवसाला बोलावणारी ती सगळी तोंडं. त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. दर शनिवारी माहीत होतं.

६

दुकानात अप्पा एकटेच होते. कोळशाची इस्त्री बाजूला निवत होती. शेषगिरीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याला रडू फुटलं. मशीनचा आवाज केव्हा थांबला, ते त्याला कळलं नाही. आता अप्पा उठतील, टोपी घालतील, तडक शाळेत जाऊन ब्रदर ल्यूकसची गचांडी धरतील, याची तो वाट पाहत होता.

अप्पा उठले नाहीत. मशीनच्या चाकावर हात ठेवून ते म्हणाले, "दुखत तर नाही ना रे?"

शेषगिरीचं रडू जागच्या जागी थांबलं.

मग अप्पा हळूहळू बोलले, त्याच्याकडे न बघता. ब्रदरनी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. हा पहिला उतरेल, याला धरून ठेवलं जाईल. आणि ज्याला धरलं जातं, तो कधी बुडत नाही. कुठल्याच पाण्यात बुडत नाही. "मला तेवढंच हवं होतं," अप्पा म्हणाले. "एक गेला. दुसरा जायला नको."

हे तरी त्याला समजून घेता आलं असतं. कदाचित त्याने घेतलंही असतं. पण अप्पा थांबले नाहीत. त्यांनी आवाज आणखी खाली आणला, आणि पहिल्यांदाच वर पाहिलं. त्या डोळ्यांत जे होतं ते शेषगिरीसाठी नव्हतं.

"एक सांग. लहान असतो का रे तो हात?"

शेषगिरीला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. नागराज गेला तेव्हा नऊ वर्षांचा होता. अप्पा इतके महिने ओली चड्डी स्वतःच्या हातांनी वाळत घालत होते, इस्त्री करत होते, पाण्यावर पडायचं कसं ते पुन्हा पुन्हा विचारत होते, दर शनिवारी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांना विचारायचं होतं ते हे. मुलाला पाण्यात धाडलं होतं ते त्याला वाचवायला, की त्या पाण्यात आणखी कुणी आहे का ते बघायला?

त्याच्या पाठीला अंगठा आठवला, करंगळी आठवली. 'नाही' एवढा एक शब्द त्याला बोलायचा होता. तो त्याला बोलता आला नाही. अप्पांनी त्याचा चेहरा न्याहाळला. मग त्यांनी स्वतःशीच मान हलवली, धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि सुईत दोरा ओवायला घेतला. त्यांना हवं ते उत्तर त्यांनी घेऊन टाकलं होतं.

यंदाच्या स्पोर्ट्स डेला आपण येणार आहोत, असं त्यांनी नंतर सांगितलं.

७

स्पोर्ट्स डेला बँड होता, कागदी पताका होत्या, पालकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. मार्च पास्ट झाला, धावायच्या शर्यती झाल्या, पोत्यांची शर्यत झाली. शेवटी सगळे टँकच्या भोवती येऊन बसले. सातवीची मुलं काठावरच्या ठोकळ्यांवर उभी राहिली. मधल्या ठोकळ्यावर शेषगिरी, त्याच्या शेजारी मालोजी. हा कॅप्टन, असं कुणीतरी आपल्या बायकोला दाखवत होतं.

शेषगिरीने ठरवलं होतं. आज उतरायचं नाही.

ब्रदर ल्यूकसनी शिट्टी वाजवली. एकही मुलगा हलला नाही. सगळे ओणवे होऊन, हात मागे घेऊन तसेच राहिले आणि तिरक्या नजरेने शेषगिरीकडे बघू लागले. पालकांना गंमत वाटली. काही जण हसले. बँडवाल्याने ढोलावर एक टिपरी मारली. दुसरी शिट्टी झाली. आता हसू कमी झालं.

ब्रदर झगा सावरत त्याच्यामागे आले. वाकून, अगदी मायेने, त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "तू नाही तर कोण? ते तू सांग, बाळ."

मालोजीने ते ऐकलं. त्याने पायाच्या बोटांनी ठोकळ्याची कड घट्ट धरली. नाव तर जिभेवरच होतं. ते घेतलं असतं तर कुणी त्याला दोष दिला नसता. मालोजीने सुद्धा नसता दिला. शेषगिरीने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला कुणाचंच नाव घेता येईना. त्याने मान हलवली.

खाली पाणी सावकाश वरखाली होत होतं. खोल टोकाला नाही. ठोकळ्यांच्या खाली, सगळ्यांच्या पायांशी.

तेवढ्यात खुर्च्यांच्या बाजूने गलबला झाला. अप्पा उठले होते. टँकच्या कडेला येऊन त्यांनी चपला काढल्या आणि नीट जुळवून ठेवल्या. टोपी काढून चपलांवर ठेवली. मग कोट-धोतरासकट ते शिडी उतरू लागले. कुणीतरी ओरडलं, अरे, कोण हा, याला पोहता येतं का. येत नव्हतं. शेषगिरीला ठाऊक होतं.

त्याचा ऊर भरून आला. आपल्या जागी अप्पा उतरतायत. गेल्या कित्येक दिवसांची गाठ एकदम सुटली आणि त्याने हाक मारली, "अप्पा."

अप्पांनी पाहिलं नाही. छातीभर पाण्यात जाऊन त्यांनी डोकं मागे टाकलं, कान पाण्यात जाऊ दिले. दुकानात बसून त्यांनी हे शेषगिरीकडून कितीदा विचारून घेतलं होतं. त्यांचे पाय सुटले. धोतर फुलासारखं पसरलं. कधी पाण्यात न उतरलेला तो माणूस पाण्यावर उताणा पडला आणि सावकाश चॅपेलच्या भिंतीकडे जाऊ लागला. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू शेषगिरीने जन्मात पाहिलं नव्हतं. ओठ हलत होते. नाव स्पष्ट कळत होतं, आणि ते शेषगिरीचं नव्हतं.

"नागू," अप्पा म्हणत होते. "नागू."

आणि मग मुलांनी उड्या मारल्या. पहिला कुणीतरी आत गेला होता. मालोजीने मारली, कुर्गच्या पोरांनी मारली, सगळ्यांनी मारली. त्यांना इतकं हलकं वाटलं असावं की ती ओरडत होती, हसत होती. पालकांनी टाळ्या पिटल्या, बँड सुरू झाला. अप्पांच्या दोन्ही बाजूंनी पाणी उडवत शर्यत पुढे गेली. ठोकळ्यावर एकटा शेषगिरी कोरडा उभा राहिला.

म्हणून ते त्याला एकट्याला दिसलं. मुलांच्या लाटांनी धोतराचा घोळ क्षणभर एका बाजूला झाला आणि अप्पांचा काळा कोट उघडा पडला. कोटाच्या एका कुशीवर खालून वर वळलेली बोटं होती. दुसऱ्या कुशीवर अंगठा होता. हात एकच होता.

दुसरी लाट आली आणि धोतर पुन्हा पसरलं.

८

अप्पांना बांबूने काठाला ओढून घेतलं. बाहेर यायला त्यांनी फार वेळ लावला. त्यांच्या पोटात थेंबभर पाणी गेलेलं नव्हतं. लोक म्हणाले, टेलरचं डोकं फिरलं, पण देवाने वाचवलं.

शेषगिरी त्या शाळेत परत गेला नाही, आणि त्याला कुणी बोलावलंही नाही. तो पुन्हा आपल्या कन्नड शाळेत जाऊ लागला. एकदा मंडईत मालोजी दिसला. त्याने लांबून हात वर केला आणि मराठीत काहीतरी म्हणाला. शेषगिरीने ते कळलं नाही असं दाखवलं आणि केळ्यांच्या गाड्यामागून निघून गेला.

सेंट कॅसियनला आता नवा पहिला शोधावा लागला नाही. शनिवार उजाडला, की अप्पा लवकर आंघोळ करत आणि बन्नीमंटपाच्या बाजूला चालू लागत. शांताक्काला, म्हणजे आईला, वाटे की ब्रदर लोकांचं शिवणकाम वाढलंय. परत यायला त्यांना आधी दुपार व्हायची, मग संध्याकाळ. घरी ते भिंतीला टेकून बसत नसत. भिंत हातभर मागे असायची आणि ते मागे रेलून निवांत बसलेले असायचे.

एका शनिवारी शेषगिरी दारात आडवा उभा राहिला. महिनोन्‌महिने मनात राहिलेलं त्याने सांगून टाकलं. "अप्पा, तो नागराज नाही."

"तुला काय ठाऊक? तू तर पाळण्यात होतास," अप्पा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. शेषगिरीच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला बाजूला केलं, वाटेतली खुर्ची सरकवावी तसं.

"हात फार मोठा आहे, अप्पा. माणसाचा नसतो एवढा."

अप्पा उंबऱ्यात थांबले. त्यांनी वळून पाहिलं, आणि ते हसले. अगदी त्या दिवशीचं हसू.

"मोठा होणारच की रे," ते म्हणाले. "एवढी वर्षं झाली."